वेढ्यापूर्वीचा वेढा : 'अ क्लॅश ऑफ किंग्ज' या कादंबरीतील राजकारस्थान व नगरसंरक्षणाची तयारी

प्रस्तावना

अद्भुतरम्य साहित्याकडे अभ्यासकांनी दीर्घकाळ मनोरंजनाचे साहित्य म्हणूनच पाहिले. राजे, किल्ले, जादू आणि राक्षस यांनी भरलेल्या कथेत राज्यशास्त्राच्या किंवा इतिहासाच्या अभ्यासकास घेण्यासारखे काही असेल, असे सहसा मानले जात नाही. अमेरिकन कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबरीमालेने या समजुतीस छेद दिला. या मालेतील पहिली कादंबरी 'अ गेम ऑफ थ्रोन्स' 1996 मध्ये आणि दुसरी 'अ क्लॅश ऑफ किंग्ज' 1998 मध्ये प्रकाशित झाली. पुढे 2011 ते 2019 या काळात तिच्यावर आधारित दूरचित्रवाणी मालिका प्रसारित झाली आणि हे कथानक जगभर पोहोचले. इंग्लंडमधील 'वॉर्स ऑफ द रोझेस' (1455 ते 1485) या यादवीपासून आपण प्रेरणा घेतल्याचे मार्टिन यांनी सांगितले आहे.

दुसऱ्या कादंबरीचा मध्यबिंदू म्हणजे किंग्ज लँडिंग या राजधानीवर येऊ घातलेला वेढा होय. प्रत्यक्ष लढाई कादंबरीच्या शेवटी येते; त्यापूर्वीची शेकडो पाने तयारीची आहेत. या तयारीत तटबंदी आणि शस्त्रे यांना जेवढे स्थान आहे तेवढेच, किंबहुना अधिक, दरबारातील कारस्थानांना आहे. प्रस्तुत लेखात या तयारीची अंगे स्पष्ट केली आहेत, तसेच कौटिलीय अर्थशास्त्र आणि कॉन्स्टँटिनोपलचा 717-18 चा वेढा यांच्याशी त्यांची तुलना केली आहे.

कथेची पार्श्वभूमी

वेस्टेरॉस या कल्पित राज्याचा राजा रॉबर्ट बॅराथियन याच्या मृत्यूनंतर त्याचा अल्पवयीन वारस जॉफ्री गादीवर येतो. त्याची आई सर्सी लॅनिस्टर ही राज्यपालक राणी होते. जॉफ्री हा रॉबर्टचा औरस पुत्र नाही, असा दावा करून रॉबर्टचा भाऊ स्टॅनिस स्वतःस राजा घोषित करतो. धाकटा भाऊ रेन्ली हाही राजपदावर हक्क सांगतो आणि हायगार्डनच्या संपन्न टायरेल घराण्याशी सोयरीक करतो. उत्तरेत रॉब स्टार्क वेगळे राज्य मागतो. लॅनिस्टर घराण्याचा प्रमुख टायविन हा रणभूमीवर गुंतलेला असल्याने तो आपला ठेंगू आणि नावडता मुलगा टिरियन यास आपल्या वतीने प्रधानकी सांभाळण्यासाठी राजधानीत पाठवितो. राजधानीस अपुरी शिबंदी, रिकामी होत चाललेली कोठारे, क्रूर बालराजा आणि परस्परांवर विश्वास नसलेले मंत्रिमंडळ, अशी परिस्थिती टिरियनच्या वाट्यास येते.

1) प्रथम अंतर्गत शत्रू : मंत्र्यांची परीक्षा

टिरियन प्रथम तट पाहत नाही, माणसे पाहतो. नगररक्षक दलाचा प्रमुख जॅनोस स्लिंट याने पूर्वी लाच घेऊन आधीच्या प्रधानाचा घात केलेला असतो. जो एकदा विकला गेला तो वेढ्याच्या वेळी पुन्हा विकला जाईल, या जाणिवेने टिरियन त्यास सीमेवर धाडतो आणि जेसलिन बायवॉटर या करड्या शिस्तीच्या अधिकाऱ्याची नेमणूक करतो.

यानंतरचा प्रसंग कादंबरीतील अत्यंत कुशल प्रसंगांपैकी एक आहे. राजकन्या मिर्सेला हिच्या विवाहासंबंधी टिरियन तीन मंत्र्यांना तीन वेगवेगळ्या योजना विश्वासात घेऊन सांगतो. वृद्ध पायसेल यास डॉर्नचे, कोषाध्यक्ष पीटर बेलिश यास व्हेलचे आणि हेरप्रमुख व्हॅरिस यास ग्रेजॉय घराण्याचे स्थळ सांगितले जाते. राणी सर्सी संतापून डॉर्नच्या स्थळाविषयी जाब विचारते, तेव्हा बातमी फोडणारा कोण हे आपोआप सिद्ध होते. पायसेलची रवानगी कारागृहात होते.

कौटिल्याने अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात अमात्यांच्या परीक्षेसाठी धर्म, अर्थ, काम व भय अशा चार 'उपधा' सांगितल्या आहेत. त्यांत अमात्यास मोह किंवा भीती दाखवून तो ढळतो काय, हे पाहिले जाते. टिरियनची परीक्षा याहून भिन्न आहे. तो कोणास मोह घालत नाही. माहिती कोणत्या वाटेने वाहते एवढेच पाहतो. मात्र दोहोंमागील गृहीत एकच आहे. बाहेरच्या शत्रूशी लढण्यापूर्वी आतली गळती शोधली पाहिजे. अर्थशास्त्राच्या तेराव्या अधिकरणात दुर्ग जिंकण्याची पाच साधने सांगितली आहेत : उपजाप म्हणजे फितुरी, अपसर्प म्हणजे हेर, वामन म्हणजे युक्तीने राजास बाहेर काढणे, पर्युपासन म्हणजे वेढा आणि अवमर्द म्हणजे हल्ला. पाचांपैकी तीन साधने वेढा पडण्यापूर्वीची आणि शस्त्राशिवायची आहेत, ही बाब लक्षणीय आहे. कादंबरीतही स्टॅनिसच्या बाजूने कट करणाऱ्या काही श्रीमंत नागरिकांचा गट शहरात सापडतो.

दुर्गरक्षक सैन्य एकाच प्रमुखाच्या हाती न देता 'अनेकमुख्य' असावे, कारण परस्परांच्या भयामुळे असे सैन्य शत्रूच्या फितुरीस बळी पडत नाही, असेही कौटिल्य सांगतो. मराठ्यांच्या गडव्यवस्थेत हवालदार, सबनीस व कारखानीस यांच्यात अधिकारांची झालेली विभागणी याच विचाराची आठवण करून देते. किंग्ज लँडिंगचे नगररक्षक दल एका हाती होते, म्हणूनच स्लिंटला विकत घेणे पुरेसे ठरले. टिरियन व्यक्ती बदलतो, रचना बदलत नाही. ऐन लढाईत राजास रणातून माघारी बोलावल्याचे दिसताच रक्षकांचे धैर्य खचते, ते पळू लागतात आणि त्यांना रोखू पाहणारा बायवॉटर मारला जातो. एकमुखी व्यवस्थेचा दोष अशा रीतीने पुन्हा प्रकट होतो.

2) भौतिक तयारी : साखळी, अग्नी आणि मोकळे मैदान

टिरियन शहरातील लोहारांना बोलावून चिलखते आणि तलवारी बाजूला ठेवण्यास व प्रचंड कड्या घडविण्यास सांगतो. कशासाठी, हे तो सांगत नाही. ब्लॅकवॉटर नदीच्या मुखाशी दोन बुरूज उभारून त्यांमध्ये ही साखळी पाण्याखाली ठेवली जाते. स्टॅनिसचे आरमार नदीत शिरल्यावर ती वर ओढली जाते आणि परतीची वाट बंद होते. दुसरे साधन म्हणजे 'वाइल्डफायर' हा पाण्यावरही जळणारा हिरवा अग्नी. किमयागारांच्या संघाकडून त्याची हजारो मडकी मिळतात. परंतु ते हाताळणे शत्रूइतकेच स्वकीयांनाही घातक असल्याने सैनिकांकडून आधी रंग भरलेल्या मडक्यांनी सराव करून घेतला जातो.

या दोन्ही कल्पनांना इतिहासाचा आधार आहे. बायझंटाइन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल येथे गोल्डन हॉर्न या खाडीच्या मुखावर साखळी लावली जात असे आणि सातव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 'ग्रीक फायर' हे ज्वालाग्राही द्रव्य शत्रूच्या नौकांवर फेकले जाई. 717 च्या वेढ्यात सम्राट तिसरा लिओ याने ही साखळी मुद्दाम खाली घेतली, परंतु सापळ्याच्या संशयाने अरब आरमार आत शिरले नाही, असे इतिवृत्तकार थिओफानीस सांगतो. इतिहासात फसलेला सापळा कादंबरीत यशस्वी होतो, असे म्हणता येईल.

तिसरी तयारी कमी नेत्रदीपक, पण अधिक बोचरी आहे. तटाला लागून नदीकाठी उभ्या असलेल्या झोपड्या, वखारी आणि धक्के जाळून टाकण्याचा आदेश टिरियन देतो. शत्रूस आडोसा वा शिड्यांसाठी लाकूड मिळू नये, हा त्यामागील हेतू होय. लष्करी दृष्टीने तो अचूक आहे. परंतु शहराच्या रक्षणासाठी प्रथम ज्यांची घरे जळतात ते शहरातील सर्वांत दरिद्री लोक आहेत, हे कादंबरीकार वाचकास विसरू देत नाही.

3) अन्न हेच खरे शस्त्र

रेन्ली व टायरेल यांनी हायगार्डनकडून येणारा रस्ता बंद केलेला असतो; नदीकाठचा सुपीक प्रदेश युद्धात जळालेला असतो. शत्रू दृष्टिपथातही नसताना राजधानी उपाशी पडू लागते. मिर्सेलाच्या पाठवणीच्या दिवशी राजाची मिरवणूक परत येत असता कोणीतरी जॉफ्रीवर शेण फेकते. तो सैनिकांना लोकांवर सोडतो आणि भाकरीसाठी ओरडणारा जमाव दंगल करतो. धर्मप्रमुखास जमाव ठार मारतो. येथे वेढा शत्रूने घातलेला नाही. राज्यकर्ते आणि प्रजा यांच्यातील तट आधीच कोसळलेला आहे.

कॉन्स्टँटिनोपलचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. अरब स्वारीची चाहूल लागताच सम्राट दुसरा अनास्तेसिओस (कारकीर्द 713 ते 715) याने प्रत्येक रहिवाशाने तीन वर्षे पुरेल एवढे अन्न साठवावे, अन्यथा शहर सोडावे, असा आदेश दिला होता; तट आणि नौकाही दुरुस्त केल्या होत्या. तो स्वतः दरबारी उलथापालथीत पदच्युत झाला, पण त्याच्या तयारीचा लाभ लिओस मिळाला. लिओने तर अरब सेनापती मस्लमा यास आपण साहाय्य करू असे भासवून मार्च 717 मध्ये स्वतः गादी मिळविली आणि मग शहर लढविले. 717 च्या ऑगस्टमध्ये पडलेला वेढा पुढील वर्षीच्या ऑगस्टमध्ये उठला. कडक हिवाळ्यात उपासमार शहरातील लोकांची झाली नाही, वेढा घालणाऱ्यांची झाली. त्यांना घोडे व उंट खावे लागले. बल्गारांचे हल्ले आणि मदतीस आलेल्या आरमारातील इजिप्शियन ख्रिस्ती खलाशांची फितुरी यांनी त्यांचा पराभव पूर्ण केला.

धान्य, तेल, मीठ, औषधे इत्यादी वस्तू अनेक वर्षे पुरतील एवढ्या दुर्गात साठवाव्यात आणि जुन्या साठ्याच्या जागी नवा भरत जावा, असे कौटिल्य सांगतो. आज्ञापत्रकार रामचंद्रपंत अमात्य यांनीही गड बांधण्यापूर्वी पाण्याचा विचार आवश्यक मानला आहे. मार्टिन यांच्या कथेत हे सूत्र स्टॅनिसच्या पूर्वायुष्यातून येते. पूर्वीच्या युद्धात स्टॉर्म्स एंड या किल्ल्यात तो सुमारे वर्षभर वेढला गेला होता. उपासमारीच्या टोकास डॅव्होस या तस्कराने कांदे आणि खारवलेले मासे आणून शिबंदी जगविली. स्टॅनिसने त्यास सरदारकी दिली आणि पूर्वीच्या तस्करीबद्दल त्याच्या बोटांची पेरेही तोडली.

4) सोयरिकीचे राजकारण आणि निकाल

शस्त्रांइतकीच निर्णायक ठरते ती मुत्सद्देगिरी. मिर्सेलाच्या वाङ्निश्चयाने डॉर्न शत्रूकडे जात नाही. रेन्लीचा गूढ मृत्यू होताच बेलिश यास टायरेलांकडे धाडून त्यांच्या कन्येचा विवाह जॉफ्रीशी ठरविला जातो. साखळी आणि अग्नी यांनी स्टॅनिसच्या आरमाराचा नाश होतो, तरीही त्याचे सैन्य नदी ओलांडून वेशीपर्यंत येते. शहर वाचते ते टायविन आणि टायरेल यांची संयुक्त सेना पाठीमागून आल्यामुळे. साखळीने वेळ मिळवून दिला. विजय सोयरिकीने दिला. जादू या कथेत आहे, परंतु राजधानीचे रक्षण लोहारांचे श्रम, धान्याच्या गाड्या आणि तह यांनीच होते, ही मार्टिन यांची खरी विशेषता होय.

या विजयाचे श्रेय मात्र टिरियनला मिळत नाही. तो लढाईत गंभीर जखमी होतो. शुद्धीवर आल्यावर अधिकार गेलेला असतो आणि नगररक्षणाचा मान टायविनला मिळालेला असतो. उपासमारीचा दोष लोकांनी आधीच या ठेंगू प्रधानावर टाकलेला असतो. याउलट, ज्या टायरेलांनी रस्ता अडवून शहर उपाशी ठेवले, तेच धान्य घेऊन येताच लोकप्रिय होतात. भुकेलेल्यास वाट कोणी अडवली होती यापेक्षा भाकर कोणी आणली हेच दिसते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, वेढ्याचा निकाल बऱ्याच अंशी वेढा पडण्यापूर्वी, मंत्र्यांची निष्ठा, अन्नसाठा आणि मित्रराज्ये यांवर ठरतो. दुसरी, कुशल प्रशासक एकटा रचनेतील दोष भरून काढू शकत नाही. तिसरी बाब नैतिक स्वरूपाची आहे. टिरियनची सारी बुद्धी अखेर जॉफ्रीसारख्या क्रूर राजाची गादी टिकविण्यासाठी खर्ची पडते. शहराचे रक्षण आणि सत्तेचे रक्षण या दोन गोष्टी त्याच्या मनात भिन्न असतात, पण कृतीत त्या वेगळ्या काढता येत नाहीत. लोकांवाचून जनपद नाही आणि जनपदावाचून राज्य नाही, असा कौटिल्याचा विचार आहे. या कसोटीवर पाहता किंग्ज लँडिंगचा तट शाबूत राहिला, तरी ज्यांच्या झोपड्या जळाल्या आणि ज्यांना भाकरीऐवजी तलवार मिळाली, त्यांच्यापुरते राज्य वेढ्यापूर्वीच हरलेले होते. राज्यशास्त्र, इतिहास व साहित्य यांच्या आंतरविद्याशाखीय अध्यापनात अशा कल्पित राज्याचा उपयोग करता येतो, तो याच कारणासाठी. विजयाच्या वृत्तांतात सहसा न येणारी ही किंमत तो वाचकासमोर मोजून ठेवतो.