विश्लेषण : निळ्या जॅकेटातला खोडकर ससा अजूनही का आवडतो?

‘कुठेही खेळा, पण मॅकग्रेगरच्या बागेत जाऊ नका,’ असे आईने बजावलेले असते. तिन्ही बहिणी शहाण्यासारख्या ब्लॅकबेरी तोडायला जातात. पीटर मात्र फाटकाखालून सरपटत थेट त्याच बागेत शिरतो आणि पोट बिघडेपर्यंत मुळे खातो. बिअट्रिक्स पॉटर यांची ही चिमुकली इंग्रजी चित्रकथा १९०२ मध्ये बाजारात आली, आणि आजही मुले शहाण्या बहिणींच्या नव्हे, पीटरच्या बाजूने असतात.

गोष्ट सुचली कशी?

सप्टेंबर १८९३ मध्ये पॉटर यांनी नोएल मूर या पाच वर्षांच्या मुलाला पत्रातून चित्रांसह ही गोष्ट पाठवली. तो त्यांना पूर्वी शिकवणाऱ्या बाईंचा मुलगा. पुढे अनेक प्रकाशकांनी नकार दिल्यावर त्यांनी १९०१ मध्ये पदरमोड करून २५० प्रती छापल्या. त्यानंतर फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनसंस्थेने रंगीत चित्रांच्या अटीवर पुस्तक स्वीकारले. आकार लहानच हवा, मुलांच्या हातात मावायला हवा, हा पॉटर यांचा आग्रह.

मग त्याच्या खोडीत एवढी गोडी कशामुळे?

एक तर धोका खरा आहे. पीटरच्या वडिलांची त्याच बागेत ‘पाय’ झालेली असते, म्हणजे मॅकग्रेगरच्या बायकोने त्यांना चक्क शिजवलेले असते! बालकथेत हे एका वाक्यात, कसलाही आव न आणता येते. त्यामुळे पीटर पाण्याच्या झारीत लपतो तेव्हा वाचणाऱ्याचाही श्वास अडकतो.

दुसरे कारण चित्रांत आहे. पॉटर यांनी ससे पाळले होते आणि त्यांची असंख्य रेखाटने केली होती. म्हणून पीटर कार्टून वाटत नाही. कान, पाठ, मागचे पाय अस्सल सशाचे. जॅकेट घालून दोन पायांवर चालतो तेव्हा तो माणसाचे खट्याळ पोर असतो. पळताना बूट हरवतात आणि तो चार पायांवर येतो, वेग वाढतो. पितळी बटणांचे नवे कोरे जॅकेट जाळ्यात अडकते. ते टाकून दिल्यावरच सुटका होते. कपडे गेले की उरतो जीव वाचवणारा ससा. शब्दांत न सांगितलेली ही गंमत मुले चित्रांवरून बरोबर हेरतात.

शिक्षा होतेच की!

होते, पण नावापुरती. पीटरला कॅमोमाइलचा काढा मिळतो, बहिणींना दूध, पाव आणि ब्लॅकबेरी. आई फारसे रागावतही नाही. कपडे कुठे गेले, एवढाच तिला प्रश्न पडतो, कारण पंधरवड्यात हरवलेले हे त्याचे दुसरे जॅकेट! इकडे मॅकग्रेगरने त्याच कपड्यांचे बुजगावणे केलेले असते. १९०४ च्या पुढच्या पुस्तकात पीटर ते परत आणायला चुलतभाऊ बेंजामिनसोबत पुन्हा त्याच बागेत शिरतो.