विमानप्रवासांतील सात किलो

प्रवास हें शिक्षणाचें एक मोठें अंग आहे, असें थोरांच्या तोंडून आपण नेहमीं ऐकतों. परंतु प्रवास म्हटला कीं गांठोडें आलें, आणि गांठोडें आलें कीं त्याच्या वजनाचा विचारही आला. बैलगाडींत गाडीवानाच्या भिडेनें, मोटारींत टपावर, आणि आगगाडींत बाकाखालीं पुष्कळ सामान मावून जात असे. म्हणून हा विचार आपल्याकडे फारसा कोणी करीत नसे. आतां मात्र काळ पालटला आहे. कोणी उच्च शिक्षणाकरितां पुण्यास, कोणी नोकरीकरितां बंगळूरास, तर कोणी आजारी माणसास घेऊन मुंबईच्या टाटा रुग्णालयांत जातो. आपल्या पांढरकवड्याहून महामार्गानें वडनेर, हिंगणघाट, जाम व बुटीबोरी हीं गांवें मागें टाकीत सुमारें दीडशे किलोमीटर गेलें, म्हणजे नागपूरचा सोनेगांव येथील विमानतळ लागतो. तेथून स्वस्त भाड्याचें विमान गांठणारीं कुटुंबें आतां खेड्यापाड्यांतूनही निघूं लागलीं आहेत. अशा प्रथमच जाणाऱ्या उतारूची बहुधा पहिली फजिती होते ती सामानाच्या काट्यावर. ती टळावी, या हेतूनें या विषयाची थोडीशी माहिती येथें देण्याचें योजिलें आहे.

विमान आणि वजन यांचें नातें जुनें आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस जें लहानसें विमान आणलें, त्यांत उतारू नव्हते. टपालाच्या थैल्या होत्या. पुढें १९४९ सालीं रात्रीच्या हवाई टपालाची योजना निघाली, तेव्हां आपलें नागपूरच तिचें मध्यवर्ती ठाणें झालें. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चारही दिशांच्या नगरांतून निघालेलीं विमानें रात्रीं नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत, आणि पहाटेच्या सुमारास आपापल्या ठिकाणीं परत जात. ही व्यवस्था १९७३ पर्यंत चालली. त्या काळीं विमानांत बसणें ही मात्र श्रीमंतांचीच गोष्ट होती.

सामान्य माणसास विमानाची दारें खऱ्या अर्थानें उघडलीं तीं २००३ सालीं. कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कन या कंपनीनें त्या वर्षीं हुबळी ते बंगळूर असें आपलें पहिलें उड्डाण केलें. ती कंपनी पुढें दुसरींत विलीन झाली, तरी तिचा मार्ग इतरांनीं उचलला. २००५ सालीं स्पाइसजेट, २००६ सालीं इंडिगो व २०२२ सालीं अकासा यांचीं विमानें उडूं लागलीं. या कंपन्यांच्या स्वस्ताईचें मर्म एका दाखल्यानें ध्यानांत येईल. जुन्या पद्धतीचें तिकीट म्हणजे खाणावळींतील भरलेलें ताट होय. स्वस्त तिकीट म्हणजे नुसती भाकरी. भाजी, चटणी व ताक ज्याला हवें असेल त्यानें त्याचे दाम निराळे द्यावे. त्याचप्रमाणें या कंपन्या मूळ भाड्यांत केवळ आसन व ठराविक सामान देतात. जेवण, आवडीची जागा आणि जादा सामान यांचें मूल्य वेगळें घेतात. ज्याला हा व्यवहार समजला त्याला प्रवास स्वस्त पडतो, आणि ज्याला तो समजला नाहीं त्याला तोच प्रवास महाग पडतो.

आतां नियम पाहूं. विमानाच्या सामानाचे दोन भाग असतात. एक, काउंटरवर तोलून स्वाधीन करावयाची पेटी. ती विमानाच्या पोटांत जाते व उतरल्यावर फिरत्या पट्ट्यावरून परत मिळते. दुसरा, स्वतःजवळ बाळगावयाची हातपिशवी. ती डोक्यावरील कप्प्यांत किंवा पुढच्या आसनाखालीं ठेवावयाची असते. देशांतर्गत प्रवासांत स्वस्त भाड्याच्या कंपन्या सामान्यतः पेटीस १५ किलोंपर्यंत व हातपिशवीस ७ किलोंपर्यंत मुभा देतात. वजनाबरोबर आकाराचीही मर्यादा असते. इंडिगो कंपनीच्या नियमाप्रमाणें हातपिशवी ५५ सेंटिमीटर उंच, ३५ सेंटिमीटर रुंद व २५ सेंटिमीटर जाड, याहून मोठी नसावी. म्हणजे तिन्ही मापांची बेरीज ११५ होते. चाकें आणि मूठ हींही या मापांत धरावीं. कांहीं तिकिटें त्याहूनही हलक्या भाड्याचीं असतात. त्यांत पेटीची मुभा मुळींच नसते, केवळ हातपिशवीच नेतां येते. तिकीट काढतांना हा मजकूर अवश्य वाचावा. आगगाडीच्या शयनयान वर्गांत प्रत्येक उतारूस ४० किलो सामान विनामूल्य नेतां येतें, हें ज्यांच्या अंगवळणीं पडलें आहे, त्यांस सात किलो म्हणजे थट्टाच वाटेल. परंतु ती थट्टा नव्हे, त्यास सबळ कारणें आहेत.

पहिलें कारण पदार्थविज्ञानाचें आहे. विमानाच्या पंखांवरून वाहणाऱ्या हवेमुळें विमानास उचल मिळते, आणि ही उचल हवेच्या घनतेवर अवलंबून असते. हवा तापली कीं विरळ होते. पंधरा अंश उष्णतेच्या हवेपेक्षां पंचेचाळीस अंशांची हवा सुमारें नऊ टक्क्यांनीं विरळ असते, आणि वैशाखांतील नागपूरचें ऊन आपणांस कोणी सांगावयास नको. अशा हवेंत तेंच विमान तितक्याच धांवपट्टीवरून उचलावयाचें तर कमी भार घ्यावा लागतो, किंवा अधिक वेग व अधिक लांब धांव लागते. एका विमानांत १८० उतारू आहेत आणि प्रत्येकानें केवळ तीन किलो जास्त आणले, असें समजा. तर हिशेबाबाहेरचे ५४० किलो विमानांत चढले! कापसाच्या गाडीचा काटा कसा होतो हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस पांच क्विंटलांहून अधिक भार म्हणजे काय, हें समजावून सांगणें नको. शिवाय भार वाढला कीं इंधन जास्त जळतें, आणि तो खर्च शेवटीं भाड्यावरच येतो.

दुसरें कारण वेळेचें. स्वस्त कंपनीचें विमान जमिनीवर उभें राहिलें तर तें कांहीं मिळवीत नाहीं. म्हणून एक खेप उतरवून सुमारें अर्ध्या तासांत दुसरी खेप घेऊन उडण्याचा त्यांचा प्रयत्न असतो. डोक्यावरील कप्पे मोजके असतात. दहा-वीस उतारू मोठमोठ्या पिशव्या कोंबीत वाटेंत उभे राहिले, तर सर्वांचाच खोळंबा होतो. पंख्याच्या लहान विमानांत तर हे कप्पे अधिकच लहान असतात.

तिसरें कारण सुरक्षिततेचें. विमान हवेंत हेलकावे खातें तेव्हां कप्प्यांतील जड पिशवी खालीं पडून एखाद्याचें डोकें फुटूं शकतें. शिवाय प्रत्येक हातपिशवी क्ष-किरणांच्या यंत्राखालून तपासावी लागते. पिशव्या जितक्या जास्त, तितकी रांग लांब. म्हणूनच एका उतारूनें एकच हातपिशवी न्यावी, असा केंद्र सरकारच्या नागरी उड्डाण सुरक्षा ब्यूरोचा नियम आहे.

परंतु नियम म्हणजे केवळ अडवणूक नव्हे. त्यांत उतारूचे हक्कही असतात, आणि ते त्यास ठाऊक असावे. स्त्रियांची लहान पर्स, पांघरावयाची शाल किंवा कोट, वाचावयाचें पुस्तक, तान्ह्या बालकाचें दूध व खाणें, वृद्धाची काठी, अपंगाच्या कुबड्या किंवा घडीची चाकांची खुर्ची, आणि प्रवासांत लागणारें औषध, हीं हातपिशवीखेरीज जवळ बाळगण्याची मुभा आहे. काठी टेकीत चालणाऱ्या आजोबांस कोणी अडविलें, तर नम्रतेनें पण निर्धारानें हा नियम सांगावा. उतारू गरीब आहे किंवा त्याची भाषा गांवची आहे, म्हणून त्याचा हक्क कमी होत नाहीं.

आतां कोणती वस्तु कोठें ठेवावी, तें पाहूं. पैसे, दागिने, ओळखपत्रें, परीक्षेचीं प्रमाणपत्रें, रोग्याचे तपासणीचे कागद व औषधें हीं नेहमीं हातपिशवींतच असावीं. पेटी मागें राहिली तरी काम अडूं नये. भ्रमणध्वनीस वीज पुरविणारी पॉवर बँकही हातपिशवींतच ठेवावी, पेटींत कदापि नव्हे. तिच्यांतील लिथियमची विद्युत्‌घटी क्वचित् तापून पेट घेते. माणसें बसतात तेथें असा पेट लागलीच दिसतो व विझवितां येतो. विमानाच्या पोटांत तो कोणास दिसणार? तिची मर्यादा १०० वॉट-तास आहे. तिच्यावर २०,००० मिलिॲम्पिअर-तास असा आंकडा असेल, तर त्यास ३·७ व्होल्ट या दाबानें गुणून हजारानें भागावें; उत्तर ७४ येतें. हें गणित आपल्या शाळेंतील कोणताही मोठा विद्यार्थी करूं शकेल.

उलटपक्षीं चाकू, मोठी कात्री व पात्यांचीं हत्यारें हातपिशवींत चालत नाहींत; तीं पेटींत घालावीं. आतां आयांस थोडें वाईट वाटेल असें सांगावयाचें आहे. तिखटाची पूड व तेलांतील लोणचें हातपिशवीच्या तपासणींत अडतात. म्हणून लेकरासाठीं दिलेली बरणी नीट बंद करून, कागदांत व पिशवींत गुंडाळून, पेटींतच घालावी. जवसाची चटणी, तूप वगैरेही तेथेंच बरें. आणि सुकें खोबरें तर कोठेंच नेऊं नये! त्यांतील तेलामुळें तें आपोआप तापून पेट घेण्याचा संभव असतो, म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांत त्याची गणना धोक्याच्या पदार्थांत केलेली आहे. शबरीमलेच्या यात्रेकरूंस आपल्या मुडींतील नारळ हातांत नेतां यावा, याकरितां ऑक्टोबर २०२४ मध्यें सरकारास २० जानेवारी २०२५ पर्यंत मुदतीची खास सवलत द्यावी लागली, यावरून या नियमाचा कडकपणा कळून येईल.

हा वाद आपल्याच देशांत आहे, असें मात्र समजूं नये. युरोपांत कांहीं स्वस्त कंपन्या मोठ्या हातपिशवीचेंही भाडें घेतात. तेथील न्यायालयानें २०१४ सालीं असा निर्णय दिला कीं, वाजवी वजनाची व आकाराची हातपिशवी ही प्रवासाची आवश्यक बाब असल्यामुळें तिच्यासाठीं जादा आकार घेतां येत नाहीं. पुढें नोव्हेंबर २०२४ मध्यें स्पेनच्या सरकारनें याच कारणास्तव पांच कंपन्यांस मिळून सुमारें १७ कोटी ९० लाख युरोंचा दंड ठोठावला, आणि तें प्रकरण न्यायालयांत गेलें. तात्पर्य, ‘वाजवी’ म्हणजे किती, हा प्रश्न जगभर चर्चिला जात आहे. परदेशीं जाणाऱ्यानें तेथील कंपनीचे नियम निराळे पाहावे. आपल्या सात किलोंचा नियम सगळीकडे सारखाच असेल, असें धरून चालूं नये.

शेवटीं तयारीविषयीं चार शब्द. निघण्याच्या आदल्या दिवशीं पिशवी भरून ती घरच्या किंवा शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर तोलावी व टेपानें मोजावी. चाकांची पेटी रिकामीच अडीच-तीन किलो भरते, म्हणजे सामानास चारच किलो उरतात. साधी कापडी पाठपिशवी एक किलोच्या आंत असते. जाड कपडे अंगावर घालावे, पिशवींत नव्हेत. कुटुंबांतील चौघांचें सामान चौघांत सारखें वांटावें. जादा सामान अपरिहार्य असेल, तर त्याचा आकार तिकिटाबरोबर आधींच भरावा. विमानतळावर ऐन वेळीं प्रत्येक जादा किलोस कांहींशे रुपये मोजावे लागतात, आणि पांच-सहा किलोंत तिकिटाची सगळी बचत नाहींशी होते. दरवाजापाशीं पिशवी मोठी ठरून खालीं पाठवावयाची वेळ आलीच, तर तींतून औषधें, दागिने, कागदपत्रें व पॉवर बँक आधीं काढून घ्यावी. उड्डाणापूर्वीं दोन तास तरी विमानतळावर पोंचावें, म्हणजे पिशवी उघडून पुन्हां भरावयाची पाळी आली तरी ती शांतपणें भरतां येते.

पालकहो, आपल्या मुलामुलींस दूरदेशीं धाडतांना त्यांच्या पिशवींत सर्व घर घालावें असें आपणांस वाटतें, आणि तें स्वाभाविकच आहे. पण काट्यापुढें उभें राहून, मागें रांग खोळंबली असतांना, घरच्या हातची वस्तु कचऱ्याच्या पेटींत टाकण्याची पाळी लेकरावर येऊं नये. दाराशींच चार वस्तु काढून ठेवणें तेथें टाकण्यापेक्षां बरें. अंथरूण पाहून पाय पसरावे, अशी आपली म्हण आहे. विमानाच्या उतारूनें तितकीच मर्यादा पिशवी भरतांना पाळावी, म्हणजे त्याचा पैसा वांचेल, मान राहील, आणि खिडकींतून ढग पाहावयास मन मोकळें राहील.