एकच मुखडा, दोन खेळ

वसंत जोगळेकर यांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ हा चित्रपट 1976 मध्ये पडद्यावर आला. आशा काळे आणि डॉ. काशिनाथ घाणेकर यांच्या प्रमुख भूमिका, सुधीर मोघे यांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत यांमुळे तो मराठी रहस्यपटांत आजही पहिल्यांदा आठवतो. चाळीस वर्षांनी, 22 फेब्रुवारी 2016 पासून, झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सुरू झाली. हे नाव त्याच चित्रपटातील गाण्याच्या मुखड्यातून आलेले. मालिकेची कथा वेगळी आहे, त्यामुळे तिला पुनर्निर्मिती म्हणता येत नाही; पण नावच उचलल्यामुळे तुलना अटळ ठरली.

चित्रपटाची भीती मनातून उगवते. नरसूच्या भुताचे सावट आहे, पण कथा शोध घेते तो माणसाच्या मनाचा. दोन-अडीच तासांत गाठ बांधायची आणि सोडवायची, हे बंधन दिग्दर्शकाने ताकदीसारखे वापरले. त्यामुळे गाणीही कथेला अडवत नाहीत.

मालिकेची भीती घरातून उगवते. चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरीतील एका खऱ्या वाड्यात झाले. घराचे कर्ते अण्णा नाईक यांच्या मृत्यूनंतर मुले, सुना गावी जमतात आणि वाड्यात विपरीत घडू लागते. यात गावाकडच्या कुटुंबाचे खरे ताण आहेत: जमीनजुमला, मुंबईला गेलेले आणि मागे राहिलेले भाऊ, सगळे गिळून बसलेली अण्णांची बायको माई. प्रत्येक गोष्टीला कारण मागणारी नीलिमा ही सून त्या घरात हवीच होती. तिच्यामुळे पहिले पर्व जुन्या चित्रपटाच्या सर्वांत जवळ जाते.

मालिकेची खरी कमाई मात्र भाषेची आहे. 1980 मध्ये ‘वस्त्रहरण’ या नाटकाने मालवणीला व्यावसायिक रंगभूमीवर मान मिळवून दिला, पण तो प्रामुख्याने विनोदाच्या वाटेने. ‘रात्रीस खेळ चाले’मध्ये याच बोलीत माणसे भांडतात, रडतात, घाबरतात. विसरभोळ्या पांडूचे ‘इसारलंय’ (विसरलोय) घराघरांत पोचले. ती भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखनातही होते. मालवणीत दुःख बोलता येते हे रोज रात्री लाखो घरांत ऐकू गेले, आणि ही गोष्ट मोठीच आहे.

सिंधुदुर्गातून सुरुवातीलाच विरोधही झाला. कोकणची बदनामी होते, अंधश्रद्धा वाढते, असे आक्षेप होते. ते उडवून लावण्यासारखे नव्हते. इथला देवचार गावाचा राखणदार मानला जातो. देवळात गाऱ्हाणे घालणे, कौल लावणे म्हणजे देवाची संमती मागणे, हा गावगाड्याचा व्यवहार आहे. बाहेरच्या प्रेक्षकाला हे सारे भुताटकीच्या एकाच पोत्यात भरलेले दिसले, तर गावाला ते लागणारच. दुसरीकडे, हाच वाडा पाहायला पर्यटक आकेरीला येऊ लागले.

जानेवारी 2019 मध्ये आलेले दुसरे पर्व पूर्वकथेचे होते. माधव अभ्यंकर यांचे अण्णा आणि अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता, म्हणजे अण्णांची प्रेयसी, यांनी ते तोलून धरले. इथे भुतापेक्षा जिवंत माणूस भयंकर वाटतो: अण्णांच्या पावलांचा आवाज आला की घर गप्प होते. मार्च 2021 मध्ये तिसरे पर्व सुरू झाले तेव्हा अण्णा आणि शेवंता उघड भुते होऊनच वावरू लागले. भूत खरेच आहे असे एकदा ठरले की संशय संपतो, आणि संशयावरच तर चित्रपट उभा होता.

रोज एक भाग आणि प्रत्येक भागाअखेर धक्का, या गणितात रहस्य ताणले जाते आणि उलगडा फिका पडतो. बांधणीत चित्रपट सरस आहे. माणसे, बोली आणि घर यांच्या चित्रणात मालिका पुढे आहे, विशेषतः दुसऱ्या पर्वात. दोन्ही पाहायचे असतील तर आधी चित्रपट पाहावा, मग दुसरे पर्व; तिसरे वगळले तरी चालेल.