वीजबिल: वाढतं कुठे, वाटतं कुठे

शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईत विजेबद्दलची बोलणी दोन प्रकारची. मळ्यातलं बोलणं लाइट केव्हा येणार याचं असतं. थ्री फेज रात्रीची असेल तर कांद्याचं भरणं अंधारात करायचं, आणि शिरूर-जुन्नरच्या पट्ट्यात उसातला बिबट्या ही ऐकीव गोष्ट नाही. घरातलं बोलणं बिलाचं असतं: ‘एवढं कसं आलं?’ यावर पारावर उत्तरं तयार असतात. मीटर पळतंय, शंभराच्या वर गेलात, रात्री फ्रिज बंद करत जा.

यातल्या बऱ्याच समजुती कधीकाळी खऱ्या होत्या किंवा खऱ्याच्या जवळ होत्या. मग मीटर बदलले, रेग्युलेटर बदलले, दिवे बदलले. समजुती मात्र जुन्या उपकरणांच्याच राहिल्या. म्हणून एकेक घेऊन हिशेब मांडू. हिशेबाचं सूत्र एकच आहे: वॅट गुणिले तास भागिले हजार, म्हणजे युनिट.

गैरसमज: शंभराच्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल महाग दरानं लागतं.

वस्तुस्थिती: घरगुती दराचे टप्पे आहेत: १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. २०२४-२५ चे दर घेऊन पाहू. पहिल्या टप्प्यात वीज आकार ४.७१ रुपये होता, दुसऱ्यात १०.२९, आणि दोन्हींवर वहन आकार १.१७. म्हणजे पहिल्या शंभर युनिटांचे ५८८ रुपये, ते कायम. एकशे एकावं युनिट ११ रुपये ४६ पैशांचं. त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरलं तरी वाढ सव्वातेरा रुपयांची. दर पुढे बदलत राहतात, टप्प्यांची ही रीत तीच आहे.

पण या गैरसमजाच्या आत एक कामाची गोष्ट आहे. १३० युनिट वापरणाऱ्या घराचे वरचे ३० युनिट वापराच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी असतात. वीज आणि वहन आकारात मात्र त्यांचा वाटा ३७ टक्के भरतो. तुम्ही काहीही वाचवा, कमी होतं ते सगळ्यात वरचं, सगळ्यात महाग युनिट. एवढं लक्षात ठेवलं की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

गैरसमज: नवीन मीटर पळतं.

वस्तुस्थिती: जुन्या चकतीच्या मीटरला बारीक भार जाणवत नसे. एखादा छोटा दिवा रात्रभर जळला तरी चकती जेमतेम हलायची. इलेक्ट्रॉनिक मीटर तो बारीक वापरही मोजतं. त्यामुळे मीटर बदलल्यावर आकडा थोडा वाढणं शक्य आहे. ती वीज आधीही वापरली जात होती, फक्त मोजली जात नव्हती.

शंका असेल तर घरीच तपासा. मेन स्विच चालू ठेवून घरातली सगळी बटणं बंद करा, पिना काढा. मीटरवरचा लाल दिवा तरीही लुकलुकत राहिला, तर कुठेतरी गळती आहे किंवा गोठ्यातला विसरलेला दिवा चालू आहे. मग फक्त हजार वॅटची रॉड लावा. मीटरवर एका युनिटला ३२०० पल्स असं छापलेलं असेल, तर मिनिटाला साधारण ५३ वेळा दिवा लुकलुकायला हवा. व्होल्टेज कमी असेल तर त्याहून कमी. आकडा फारच जास्त आला, तर महावितरणकडे लेखी अर्ज करून मीटर तपासून घ्या.

त्याआधी बिलावरचं रीडिंग आणि मीटरवरचं रीडिंग जुळतं का ते बघा. अचानक फुगलेल्या बिलाचं कारण बरेचदा तिथे असतं. २०२० च्या टाळेबंदीत रीडिंग थांबलं, सरासरीची बिलं आली आणि जूनमध्ये साठलेला वापर एकदम अंगावर आला. तेव्हाचा गोंधळ सगळ्यांना आठवत असेल. बिलावर ‘सरासरी’ दिसली की लगेच हटका. महावितरणच्या ॲपवरून स्वतःचं रीडिंगही पाठवता येतं.

गैरसमज: झिरोचा बल्ब बिल खात नाही, चार्जर मात्र खातो.

वस्तुस्थिती: हे नेमकं उलटं आहे. जुना झिरोचा बल्ब साधारण १५ वॅटचा असतो. देवघरात तो रात्रंदिवस तेवत असेल, तर महिन्याला जवळपास ११ युनिट. अर्ध्या वॅटचा एलईडी लावला तर तेच काम अर्ध्या युनिटाच्या आत होतं. उलट, पिनेत नुसता अडकवलेला मोबाइलचा चार्जर महिनाभरात युनिटाचा छोटासा अंशच घेतो. तो काढण्याची सवय चांगली, पण त्यानं बिल हलणार नाही.

लक्ष द्यायचंच तर सेटटॉप बॉक्सकडे द्या. रिमोटनं टीव्ही बंद केला तरी हा डबा जागाच असतो. दहा वॅटनं चोवीस तास म्हणजे महिन्याला सात युनिट. झोपताना भिंतीवरचं बटण बंद करा.

गैरसमज: पंखा हळू फिरवला तरी वीज तेवढीच लागते.

वस्तुस्थिती: जुना खोक्यासारखा, हाताला गरम लागणारा रेग्युलेटर असेल तर हे बरंचसं खरं आहे, तो उरलेली वीज उष्णतेत घालवतो. आताच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर पंखा हळू केला की वीजही कमी लागते. त्याहून मोठा फरक पंखा बदलल्यानं पडतो. साधा पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. रोज पंधरा तास फिरणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे, त्यामुळे दुकानात तुलना करणं सोपं झालंय. सगळे पंखे एकदम बदलायची गरज नाही. जो सर्वांत जास्त तास फिरतो, तो आधी.

गैरसमज: गीझर वीज खातो, रॉड परवडते.

वस्तुस्थिती: पाणी कशानं तापवलं याला फारसं महत्त्व नाही, किती पाणी किती अंशांनी तापवलं यावर युनिट ठरतात. वीस लिटरची बादली २५ अंशांवरून ४५ वर न्यायला अर्ध्या युनिटाला थोडी कमी वीज लागते. रॉडनं तापवा किंवा गीझरनं, हा आकडा तोच. गीझरचा दोष एवढाच की तो दिवसभर चालू ठेवला तर टाकीतलं पाणी निवत राहतं आणि तो परत परत तापवत राहतो. आंघोळीआधी चालू आणि मग बंद, एवढं पाळलं तर दोन्हींत उन्नीस-बीस. रॉड मात्र धोक्याची: पाण्यात हात घालण्याआधी पिन काढलीच पाहिजे.

आता घरात चार माणसं, रोज चार बादल्या. दिवसाला दोन युनिटांच्या आसपास, महिन्याला ६० च्या घरात. थंडीत आणखी. सगळे दिवे मिळून एवढी वीज खात नाहीत. म्हणजे आपण मुलांवर दिव्याच्या बटणासाठी ओरडतो आणि खरा खर्च न्हाणीघरात चाललेला असतो. शिरूरच्या उन्हात छतावरचा सौर बंब पावसाळा सोडून बहुतेक दिवस हे काम फुकट करतो. सरपण घरचंच असेल, तर परसातला तांब्याचा बंब अजूनही हिशेबात बसतो.

वस्तीवर लाइनच्या टोकाला व्होल्टेज कमी असतं आणि त्यानं बिल वाढतं, असंही ऐकू येतं. २३० ऐवजी १९० व्होल्ट मिळाले तर दीड हजार वॅटची रॉड हजारावर येते. पाणी तापायला दीडपट वेळ लागतो, युनिट जवळपास तेवढेच. कमी व्होल्टेजचा खरा फटका मोटारीला बसतो. ती जास्त ॲम्पियर ओढते, तापते आणि शेवटी जळते.

गैरसमज: इंडक्शन शेगडीनं बिल दुप्पट होतं.

वस्तुस्थिती: १४.२ किलोच्या सिलिंडरमधली जितकी उष्णता भांड्याला लागते, तेवढ्यासाठी इंडक्शनला साधारण १३५ ते १४० युनिट लागतात. हे युनिट काही महिन्यांत वाटले जाऊन पहिल्या टप्प्यात बसत असतील, तर २०२४-२५ च्या दरानं वीज शुल्कासह साडेनऊशेच्या आसपास. दुसऱ्या टप्प्यात गेले, तर अठराशेच्या वर. सिलिंडरचा आजचा भाव याशेजारी ठेवा. एकट्यादुकट्या माणसाच्या, शंभराच्या आत राहणाऱ्या घरात इंडक्शन चालून जातं. मोठ्या कुटुंबाला गॅस आणि कुकर स्वस्त.

गैरसमज: रात्री फ्रिज बंद ठेवावा.

वस्तुस्थिती: फ्रिज सतत वीज घेत नाही, आत थंड झालं की कॉम्प्रेसर थांबतो. रात्री बंद केलेला फ्रिज सकाळी तापलेला असतो आणि ती कसर भरून काढतो. वाचतं थोडं, दूध नासतं ते वेगळं. त्यापेक्षा दाराच्या रबरात कागद धरून ओढा. सहज सुटला तर रबर ढिलं आहे. फ्रिजमागे वीतभर जागा सोडा आणि गरम भाजी निवल्यावरच आत ठेवा.

गैरसमज: कूलर लावला की खिडक्या बंद.

वस्तुस्थिती: हा नियम एसीचा आहे. कूलरला ओली हवा बाहेर जायला वाट लागते, नाहीतर तासाभरात खोलीत चिकचिक होते. शिरूरचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे इथे कूलर चांगला चालतो, आणि दीड टनाच्या एसीच्या साधारण आठव्या हिश्श्याच्या विजेत. तो खिडकीत बाहेरच्या बाजूनं बसवा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा.

गैरसमज: पिनेत लावायचा ‘वीज वाचवणारा’ डबा बिल कमी करतो.

वस्तुस्थिती: बाजारात, यात्रेत, मोबाइलवरच्या जाहिरातींत हा डबा खपतो. आत बहुधा एक छोटा कपॅसिटर आणि एक दिवा असतो. कपॅसिटर पॉवर फॅक्टर सुधारतो, हे खरं. पण घरगुती बिल प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटांवर येतं, पॉवर फॅक्टरवर नाही. तो हिशेब असलेली केव्हीएएच बिलिंगची पद्धत राज्यात १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांना लागू झाली. तुमच्या घराचा त्याच्याशी संबंध नाही.

गंमत अशी की हाच कपॅसिटर विहिरीवरच्या मोटारीला खरोखर हवा असतो आणि तिथे तो अनेकदा नसतो. योग्य मापाचा कपॅसिटर लावला की मोटार लाइनवरून कमी ॲम्पियर ओढते, डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, भार उतरतो आणि टोकाच्या वस्तीचं व्होल्टेज सुधारतं. याउलट ऑटो स्विच: लाइट येताच डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, तो झटका डीपीला सोसत नाही. डीपी जळाली की भरणं थांबतं ते सगळ्यांचंच. ऑटो स्विच काढा, कपॅसिटर लावा, असं महावितरण वारंवार सांगतं ते याचसाठी.

गैरसमज: शेतीपंपाची वीज माफ आहे, मग मळ्यातलं घर त्यावरच चालवायचं.

वस्तुस्थिती: मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांसाठी आहे, एप्रिल २०२४ ते मार्च २०२९. सवलत पंपाला आहे, घराला नाही. पंपाच्या लाइनवरून घर चालवणं म्हणजे मंजूर कारणाबाहेरचा वापर. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे त्याची आकारणी लागू दराच्या दुपटीनं होते. आकडा टाकला तर ती कलम १३५ खाली चोरी. वस्तीवरच्या घराला स्वतंत्र घरगुती जोडणी घेणंच शेवटी स्वस्त.

गैरसमज: सोलर बसवलं की बिल शून्य आणि लाइट गेली तरी उजेड.

वस्तुस्थिती: फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्तला ७८ हजार रुपये केंद्राचं अनुदान आहे. एक किलोवॅट महिन्याला साधारण १२० युनिट देतो, पावसाळ्यात कमी. त्यामुळे वीज आकार शून्यावर येऊ शकतो. स्थिर आकार येतच राहतो.

लाइट गेली की बिनबॅटरीची ऑनग्रिड यंत्रणाही बंद पडते, भर दुपारीसुद्धा. हा बिघाड नाही. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला पॅनेलच्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ती मुद्दाम तशी केलेली असते. लाइट गेल्यावर उजेड हवा तर बॅटरीचा वेगळा खर्च.

हे नुसतं ऐकण्यापेक्षा बघून शिकायचं तर फार लांब जायला नको. शिरूर तालुक्यातच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. तिथल्या मुलांच्या अभ्यासक्रमात शेती आणि वर्कशॉपच्या जोडीला ऊर्जा हाही विषय आहे.

पॅनेलचा विचार मात्र सगळ्यात शेवटी करा. वरच्या हिशेबात आंघोळीच्या पाण्याचे ६०, दोन पंख्यांचे ४०, देवघरातल्या बल्बचे दहा आणि सेटटॉपचे सात युनिट होते. ही बेरीज एका किलोवॅटच्या महिन्याच्या उत्पन्नाएवढी भरते. यातलं निम्मं जरी साधलं तरी घर खालच्या टप्प्याकडे सरकतं, पॅनेल लहान लागतं, आणि काही घरांना त्यासाठी कर्ज काढायची वेळच येत नाही.