घाटंजीच्या पानठेल्यावरची चंद्रकांता

15 ऑक्टोबर 2025 ला पंकज धीर गेले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी त्यांना ‘महाभारतातला कर्ण’ म्हणून निरोप दिला, आणि त्यात काही चूक नव्हतं. पण आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीत माझ्या वयाची माणसं फोनवर एकमेकांना निराळंच सांगत होती. “आपला शिवदत्त गेला बाप्पा!” शिवदत्त म्हणजे चुनारगडचा राजा, ‘चंद्रकांता’तला. मृत्युलेखांत त्या भूमिकेला जेमतेम अर्धी ओळ मिळाली. संध्याकाळी घरातल्या तरुण पोरांनी आमच्यासाठी म्हणून एक चित्रफीत शोधून आणली. तीही काही सेकंदांची, आणि तिच्यातही शिवदत्त नव्हताच. अखिलेंद्र मिश्रांचा क्रूरसिंह भुवया उडवत ‘यक्कू’ म्हणतो आणि फीत संपते. ज्या मालिकेनं आमच्या गावाला बोलतं ठेवलं, तिचं तीस वर्षांनंतर एवढंच शिल्लक राहावं, हे मला सलतं.

त्याआधीची वर्षं मी भरभर ओलांडतो. जानेवारी 1987 मध्ये ‘रामायण’ आलं, ऑक्टोबर 1988 मध्ये ‘महाभारत’. रस्ते ओस पडायचे, टीव्हीला हार घातले जायचे, हे सगळं पुष्कळांनी लिहून झालं आहे. त्या मालिकांची भक्ती झाली, चर्चा फारशी झाली नाही. शेवट ज्याला-त्याला पाठ असलेल्या गोष्टीवर पैजा कुणी लावत नाही. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’वरची मराठी मालिकाही त्याच सुमारास आली. रवींद्र मंकणींचा माधवराव अजून डोळ्यांपुढे आहे, पण थेऊरला काय होणार हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

1994 मध्ये दूरदर्शनवर नीरजा गुलेरींची ‘चंद्रकांता’ सुरू झाली आणि पुढं काय होणार हे पहिल्यांदाच बहुतेक कुणाला ठाऊक नव्हतं. विजयगडची राजकन्या चंद्रकांता म्हणजे शिखा स्वरूप, नौगडचा राजकुमार वीरेंद्रसिंह म्हणजे शाहबाज खान. तिच्यावर डोळा ठेवून असलेला क्रूरसिंह, आणि त्याच्या पाठीशी शिवदत्त. राजेराण्यांपेक्षा आम्हाला वेड लावलं ते ऐयारांनी. वेष पालटून शत्रूच्या गोटात शिरणारे, बेशुद्ध करणारी पूड बाळगणारे, क्षणात दुसऱ्याचा चेहरा चढवणारे हे हेर. इरफान खान त्यात बद्रीनाथ झाले होते. तेव्हा त्यांचं नाव आमच्याकडे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण तो बारीक डोळ्यांचा माणूस पडद्यावर आला की खोलीत बोलणं थांबायचं.

रविवारी सकाळी ऐन वेळेला लाइन जायची. मग ट्रॅक्टरची बॅटरी उचलून आणायची, कृष्णधवल टीव्हीला जोडायची, एक पोरगा कौलांवर अँटेना फिरवायला आणि दुसरा खाली ‘आलं, आलं, गेलं’ ओरडायला. भाग संपला की सगळी पुरुषमंडळी पानठेल्यावर. तिथं जे चालायचं ते मला मालिकेहून मोलाचं वाटतं. आज दरबारात आला तो खरा माणूस होता की ऐयार? बोलला ते सापळ्यासाठी की मनापासून? चहाच्या पैजा लागायच्या आणि त्यांचा निकाल पुढच्या रविवारी. आठवडाभर प्रत्येकाला आपलं म्हणणं राखावं लागायचं.

त्या घोळक्यातला एक शिंपी मला विसरता येत नाही. चेहऱ्याकडे तो बघायचाच नाही. “चेहरा तं बदलते जी, कपडा अंगावर कसा बसला ते पाहा,” म्हणायचा. अंगरख्याचे बंद मागच्या भागात कोणत्या बाजूला होते, शेला कोणत्या खांद्यावर होता, कंबरपट्टा किती घट्ट होता, हे तो ध्यानात ठेवून यायचा आणि हाताच्या टेपनं हवेत मापं दाखवत सिद्ध करायचा की हा तो माणूस नव्हे. त्याचं दर वेळी खरं निघायचं असं नाही. पण त्याच्याकडे कारण असायचं, आणि त्याला खोडायचं तर समोरच्यालाही कारण द्यावं लागायचं. नुसत्या ‘मला वाटते’वर पानठेल्यावर कुणी चहा पाजत नव्हतं.

दुसरे होते एसटीचे एक कंडक्टर. त्यांनी मूळ हिंदी कादंबरी वाचली होती. यवतमाळ जिल्हा 1956 पर्यंत मध्यप्रांत-वऱ्हाडात, म्हणजे नंतरच्या मध्यप्रदेशात होता. आमच्या आजोबांच्या पिढीला हिंदी पुस्तक हातात धरायला अवघड वाटत नसे, आणि कंडक्टरसाहेबांच्या घरी ती प्रत वडिलांपासून होती. त्यांच्याकडून आम्हाला देवकीनंदन खत्री कळले. 1861 चा जन्म, चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका घेतलेला माणूस. जंगलाचा ठेका म्हणजे काय, हे आमच्याकडे समजावून सांगावं लागत नाही. सागवानाचा आणि तेंदूपत्त्याचा मुलूख आमचा. त्या जंगलांतल्या पडक्या गढ्या हिंडता हिंडता खत्रींना गोष्ट सुचली आणि 1888 मध्ये ‘चंद्रकांता’ आली. मग तिच्याच पुढं ‘चंद्रकांता संतती’चे चोवीस भाग, मग ‘भूतनाथ’. ते अपुरं ठेवून 1913 मध्ये खत्री गेले आणि मुलानं, दुर्गाप्रसादांनी, ते पुरं केलं. ही पुस्तकं वाचता यावीत म्हणून कित्येकजण देवनागरी शिकले, असं हिंदी प्रदेशात आजही सांगतात.

कापसाच्या दिवसांत हे बोलणं गावाबाहेरही जायचं. एकाधिकार खरेदीचा तो काळ. संकलन केंद्रापुढं बैलगाड्यांची रांग लागायची, रात्र तिथंच काढावी लागायची आणि धुऱ्याच्या वादापासून ‘चंद्रकांता’तल्या तिलिस्मापर्यंत सगळं बोलून व्हायचं. वेचणीला जाणाऱ्या बायकांचा कल निराळा होता. कंडक्टरीणबाईंनी त्यांना पुस्तकातली चपला सांगितली होती. चंद्रकांतेची ही सखी स्वतः पक्की ऐयार आहे, एकटी बाहेर पडते, वेष पालटते, गड्यांना फसवते. पाठीला ओटी बांधून पऱ्हाटीच्या तासातून सरकताना एकजण दुसरीला विचारायची, “चपलीनं काय केलं असतं वं इथं?” मालिकेपेक्षा पुस्तकातली चपला घाटंजीच्या शिवारात जास्त नांदली.

आणि इथंच मालिका लिहिणाऱ्यांशी माझं जुनं भांडण सुरू होतं.

खत्रींच्या अद्भुताला नियम आहेत. पुस्तकाच्या सुरुवातीलाच ते सांगतात की पूर्वी राजे ऐयार पदरी ठेवत, आणि हे ऐयार रक्त न सांडता नुसत्या चातुर्यानं लढाई निकालात काढत. ऐयाराचा बटवा असतो. त्यात बेशुद्धीची पूड, शुद्धीवर आणणारा लखलखा, वर चढायला कमंद. बटव्यात नसलेलं काही आकाशातून पडत नाही. ऐयार ऐयाराला पकडतो, कैदेत ठेवतो, पण ठार करत नाही. तिलिस्म म्हणजे पूर्वजांनी वंशजासाठी खजिना राखायला रचलेली यंत्रांची भुलभुलैया. एका पडक्या जागेतला बगळा चोच उघडून जिवंत माणूस गिळतो, आणि वाचणाऱ्याची छाती धडधडते. पण पुढं त्या बगळ्यामागची करामतही उलगडून सांगितलेली आहे. भूत नाही, मंत्र नाही. अशा गोष्टी शक्य कोटीतल्या आहेत की नाहीत यावर त्या काळी टीका झाली, तेव्हा खत्रींनी ‘संतती’त त्याला उत्तरही दिलं. वाचक आपल्याबरोबर विचार करतो आहे याची त्यांना जाणीव होती.

मालिकेनं पहिले काही महिने ही जाणीव ठेवली. मग विषकन्या वाढल्या, जादू वाढली, पुस्तकात ज्यांचा मागमूस नाही अशी पात्रं आली. मुकेश खन्नांचा जांबाज आला आणि पडदा त्याचाच झाला. मुखवटे इतक्यांदा आणि इतक्या सहज उतरू लागले की कालचा पुरावा आज निरर्थक ठरायचा. पानठेल्यावर लोक कंडक्टरना विचारायचे, “अजी, हे पुस्तकात हाय का?” आणि ते मान हलवून म्हणायचे, “नाई बाप्पा. असं काईच नाई.” शिंपी एक दिवस बंद आणि शेला सांगायचा थांबला. “आता कोणीबी कोणीबी होते. पाहून काय करू?” म्हणाला. मालिका 1996 मध्ये दूरदर्शनवरून गेली. पण चर्चा तिच्या कितीतरी आधी मेली होती. फेब्रुवारीत विश्वचषक सुरू झाला तेव्हा पानठेल्यावर चंद्रकांतेचं नाव निघत नव्हतं. आम्हाला अद्भुताचा कंटाळा आला म्हणून हे झालं, असं कुणी म्हणू नये. तर्क करायची जागाच लिहिणाऱ्यांनी काढून घेतली.

दुसरा हिशेब शिकलेल्या मंडळींशी आहे. तेव्हा गावातले जाणते लोक आम्हाला हसायचे. हे असलं काय पाहता, म्हणायचे. त्यांना आज सांगावंसं वाटतं की हिंदीतले कडक समीक्षक रामचंद्र शुक्ल यांनी खत्रींच्या पुस्तकांना साहित्याच्या पंगतीत बसवलं नाही, पण हिंदीला इतके वाचक दुसऱ्या कुणीच मिळवून दिले नाहीत, हे मोकळेपणानं मान्य केलं. मराठीनं तेवढंही केलं नाही. ‘चंद्रकांता’च्या कितीतरी आधी, 1861 मध्ये लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ आणि 1868 मध्ये रिसबुडांची ‘मंजुघोषा’ आपल्याकडे आली होती. पुढं नाथमाधवांच्या ‘वीरधवल’नं कितीतरी घरांत रात्रीचे दिवे जागते ठेवले. यांना ‘अद्भुतरम्य’ असा शिक्का मारून आपण अभ्यासक्रमातल्या एका परिच्छेदात पुरून टाकलं. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं. ग्रंथप्रदर्शनात मी ‘वीरधवल’ विचारत फिरलो. एका तरुण विक्रेत्यानं विचारलं, “कुणाचं आहे?” दोष त्याचा नाही. ज्या मराठी वाहिन्यांना सासू-सुनांसाठी वर्षानुवर्षं वेळ मिळतो, त्यांना नाथमाधवांच्या कादंबऱ्यांतून मोठी अद्भुत मालिका उभी करावीशी वाटली नाही, हे दुखणं जुनं आहे.

मालिका गेल्यानंतरची वीस वर्षं सांगण्यासारखी नाहीत. 2017 मध्ये एकदम दोन मोठ्या वाहिन्यांनी ‘चंद्रकांता’ नव्यानं आणली. दागिने चकचकीत, संगणकावरचे चमत्कार भरपूर. घाटंजीत कुणी त्यावर दोन वाक्यं बोलल्याचं मी ऐकलं नाही.

त्याच यवतमाळच्या संमेलनाच्या वर्षी, मे महिन्यात, पुण्याला नोकरीला असलेला माझा भाचा घरी आला तो तोंड पाडून. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ संपली होती आणि शेवट त्याला पटला नव्हता. मी विचारलं तसा तो तासभर बोलत राहिला. जॉर्ज मार्टिन यांची ही कादंबरीमाला 1996 मध्ये सुरू झाली, म्हणजे आमची मालिका गेली त्याच वर्षी. पाचवं पुस्तक 2011 चं, सहावं अजून आलेलं नाही. मालिका पुस्तकांच्या पुढं निघून गेली आणि मग लिहिणाऱ्यांनी घाई केली. ज्या प्रवासाला आधी महिने लागायचे तो एका भागात उरकू लागला, माणसं आपल्या स्वभावाला सोडून वागू लागली. शेवटचा हंगाम नव्यानं काढा, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. “मामा, आम्ही आठ वर्षं पुरावे गोळा केले, आणि त्यांनी ते बघितलेच नाहीत,” भाचा म्हणाला. मला आमचा शिंपी आठवला. त्या पोराचं दुःख मला घरातल्या इतर कुणाहीपेक्षा जास्त कळलं.

एक गोष्ट मात्र त्याच्या वाट्याला आली नाही. त्याला बोलायला घाटंजीत कुणी नव्हतं. आता जो-तो आपल्या हातातल्या पडद्यावर आपल्या सवडीनं बघतो. एकाचा पहिला हंगाम चालू, दुसऱ्याचा एका रात्रीत संपलेला, तिसरा म्हणतो पुढचं सांगू नका. चार माणसं एकाच जागी अडकलेली असल्याशिवाय पैज लागत नाही. आठवडाभर थांबायला लावणं ही दूरदर्शनची अडचण होती, पण त्या थांबण्यातच आम्ही विचार करायला शिकलो. इरफान खान 29 एप्रिल 2020 ला गेले, टाळेबंदीत, आणि सगळ्या जगानं त्यांचे चित्रपट आठवले. बद्रीनाथाबद्दल कुणाशी बोलावं तर पानठेला बंद होता. आता उघडला आहे, पण तिथं येणारा माणूस पुडी घेऊन मोबाइल बघत निघून जातो.

म्हणून तरुण वाचकांना माझी एक विनंती आहे. यक्कूची चित्रफीत बाजूला ठेवा आणि मूळ ‘चंद्रकांता’ हातात घ्या. लेखकाला जाऊन शंभरावर वर्षं झाली, पुस्तकावर आता कुणाचा हक्क नाही, हिंदीत ते सहज आणि स्वस्तात मिळतं. तालुक्याच्या वाचनालयांनी एक-एक प्रत जरूर घ्यावी. भाग चारच आहेत. संध्याकाळी एका टेकडीखाली दगडावर बसून वीरेंद्रसिंह आणि त्याचा ऐयार तेजसिंह बोलत आहेत, तिथून सुरुवात होते. पुढं एक वनकन्या येईल. ती कोण, हे मी इथं सांगणार नाही. पहिला भाग झाला की पुस्तक मिटा, आठवडाभर थांबा, आणखी एखाद्याला तो भाग वाचायला लावा, त्याच्याशी वाद घाला, आणि मगच दुसरा उघडा.