बटण कोणाच्या ताब्यात?

लॅपटॉपचं पॉवर बटण दाबल्यावर काय व्हायचं हे नेमकं कोण ठरवतं, या प्रश्नाचा मला कितीतरी वर्षं नाद आहे. घरच्यांच्या मते हा रिकामटेकडेपणा. पण विदर्भातल्या मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावी या नादाला खाद्य कमी पडत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. जुन्या यंत्रांवर ११ चढत नाही, म्हणून कॉलेजातली पोरं सेकंडहँड लॅपटॉपवर लिनक्स टाकून घेतात. वर्ष-दोन वर्षांनी अपग्रेड करतात आणि मग ठरलेली तक्रार येते: "काका, आधी बटण दाबलं की विचारायचा. आता थेट बंदच होतो." दुसऱ्याची उलटी रड: "बंदच होत नाही, नुसता झोपतो." दुरुस्तीवाला म्हणतो बटण गेलं, बदला. बटणाला बहुतेक वेळा काहीही झालेलं नसतं.

जुन्या एटी कॅबिनेटचा खटका सरळ विजेचा प्रवाह तोडायचा. खट्‌ केलं की संपलं. १९९५ ला एटीएक्स ही नवी रचना आली, डिसेंबर १९९६ ला इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी वीज-व्यवस्थापनाचं एसीपीआय हे मानक जाहीर केलं, आणि खटक्याचा अर्जदार झाला. तुम्ही बटण दाबता म्हणजे सरकारी कचेरीत अर्ज टाकता. तो मंजूर करायचा की दाबून ठेवायचा, हे आतलं कोणीतरी ठरवतं. मानकात एक अपवाद मात्र ठेवला आहे. चार सेकंदांपेक्षा जास्त वेळ बटण दाबून धरलं, तर कोणालाही न विचारता हार्डवेअरने यंत्र बंद करायचं. या चार सेकंदांकडे शेवटी यायचं आहे.

लिनक्समध्ये कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, या दाबण्याची एक साधी 'की' करून टाकतो, क्रमांक ११६. कीबोर्डवरच्या इतर कळांसारखीच हीही एक. ती ऐकायची कोणी, हा खरा तंटा. आधी एसीपीआयडी नावाचा छोटा प्रोग्राम ऐकायचा आणि ठरवून दिलेली स्क्रिप्ट चालवायचा. २०१० मध्ये लेनार्ट पोटरिंग यांनी यंत्र सुरू करून त्यातल्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीची घोषणा केली. २०१२ पर्यंत त्यातल्या लॉगिन सांभाळणाऱ्या लॉगइनडी या भागाने बटण आपल्याकडे ओढलं. त्याच्या सेटिंगच्या फाइलीत पॉवर कीपुढे मूळचा शब्द आहे 'पॉवरऑफ'. म्हणजे कोणी काही सांगितलं नाही, तर दाबताक्षणी बंद. ती ओळसुद्धा हॅशचं चिन्ह लावून निष्क्रिय ठेवलेली असते. वाचणाऱ्याला वाटतं हे लागूच नाही, आणि लागू तर तेच असतं.

मग डेस्कटॉप 'बंद करू का?' असं विचारतो ते कसं? याचं उत्तर ज्या दस्तऐवजात आहे तो माझ्या विशेष आवडीचा. टर्मिनलवर 'सिस्टिमडी-इनहिबिट' असा आदेश देऊन यादी मागितली की एक तक्ता उमटतो: कोण, कोणत्या नावाने, काय अडवतो, कशासाठी आणि कोणत्या रीतीने. नेटवर्क मॅनेजर लिहितो की झोपण्याआधी मला नेटवर्क बंद करायचं आहे. त्याच्यापुढे 'डिले', म्हणजे थोडं थांबा. बॅटरीवर नजर ठेवणारा यूपॉवरही थोडाच वेळ मागतो. आणि एक ओळ गुरकावणारी: ग्नोम डेस्कटॉप पॉवर कीपुढे 'ब्लॉक' लावून कारण देतो की कळांचं आम्ही बघतो. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपचा पॉवरडेव्हिलही असाच हक्क सांगतो. ही ओळ असेपर्यंत लॉगइनडी हात लावत नाही. पण हे कुलूप कुठे लिहून ठेवलेलं नसतं. ते घेणारा प्रोग्राम जिवंत असेपर्यंतच टिकतं. तो बंद पडला की कुलूप निघालं आणि बटण परत लॉगइनडीकडे.

मोताळ्यातल्या एका विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर हा तक्ता काढला तेव्हा नेटवर्कवाला होता, बॅटरीवाला होता, 'ब्लॉक'ची ओळच नव्हती. अपग्रेडनंतर त्याच्या हलक्या डेस्कटॉपचा पॉवर मॅनेजर सत्राबरोबर सुरूच होत नव्हता. जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमडीच्या नोंदवहीत, लॉगइनडीची नोंद होती, पॉवर की थोडक्यात दाबली गेली, आणि लगेच पुढे यंत्र बंद करण्याची. लॉगइनडीने नियमाप्रमाणेच केलं होतं. पॉवर मॅनेजर आपोआप सुरू होणाऱ्यांच्या यादीत परत घातला, विचारणारी खिडकी परतली.

दुसऱ्या टोकाचा बिघाड म्हणजे दोन धनी. जुनी एसीपीआयडीची स्क्रिप्ट अपग्रेडमध्ये तशीच राहते आणि लॉगइनडीही जागा असतो. बटण दाबून लॅपटॉप झोपवावा तर एक झोपवतो, आणि उठवल्याबरोबर दुसरा लगेच पुन्हा झोपवतो. लॉगिनच्या पडद्यावरचं बटण आणखी वेगळं वागतं, कारण तिथे तुमचं सेटिंग नसतं. तो पडदा वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो. तासन्‌तास सेटिंग बदलत बसलेली माणसं इथेच फसतात.

आता थोडं भांडण. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आलं तेव्हा मेनूतून 'पॉवर ऑफ' गायबच होतं. दिसायचं फक्त 'सस्पेंड'. बंद करायचा पर्याय बघायला ऑल्ट कळ धरून ठेवायची! लोक भडकले आणि पुढे तो पर्याय परत मिळाला. झोपवणं बंद करण्यापेक्षा चांगलं, असा त्यामागचा विचार होता. चांगल्या बॅटरीच्या आणि न जाणाऱ्या विजेच्या गावात तो बरोबर असेलही. विदर्भात ज्यांनी भारनियमन भोगलं आणि ज्यांच्या बॅटऱ्या तासाभराच्या धनी आहेत, त्यांचा झोपवलेला लॅपटॉप सकाळी मेलेला असतो, उघड्या फाइलींसकट. वापरणाऱ्याच्या वतीने परस्पर शहाणपण करण्याचा हा उद्योग मला तेव्हाही खटकला, आजही खटकतो.

याच्या अगदी विरुद्ध विचार करणारं यंत्र महाराष्ट्रात येऊन गेलं आहे. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैराट इथल्या एकशिक्षकी मराठी शाळेत २००७ मध्ये 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चा भारतातला पहिला प्रयोग झाला. जेमतेम वीस-बावीस मुलं, पहिली ते चौथी. त्याच्या आदल्याच वर्षी केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही कल्पना शैक्षणिकदृष्ट्या संशयास्पद ठरवून झिडकारली होती. एक्सओ नावाचा तो हिरवा-पांढरा लॅपटॉप ४३३ मेगाहर्ट्‌झचा, २५६ एमबी मेमरीचा, आणि फेडोरा लिनक्सवर उभारलेला. त्यात एसीपीआय नव्हतंच. वीज वाचवण्यासाठी दोन कळा दाबण्यामधल्या फटीतसुद्धा प्रोसेसरने डुलकी घ्यावी आणि पडदा मात्र उजळ राहावा, इतकी टोकाची कल्पना होती. त्यासाठी पडदा सांभाळणारी वेगळी चिप बसवली होती. सुरुवातीच्या प्रणालींत हे धड चालत नव्हतं आणि २००८ च्या आवृत्तीतही ते ऐच्छिकच राहिलं.

पुढे पॉल फॉक्स यांनी या यंत्रासाठी पॉवरडी लिहिलं. त्यात बटण एकदा दाबलं की पडद्यावर चित्र येतं. पुन्हा दाबलं तर यंत्र बंद, काहीच केलं नाही तर ते झोपी जातं. वाचता न येणाऱ्या पोरालाही कळेल असं. मोठमोठ्या डेस्कटॉपवाल्यांना जे धड जमलं नाही ते पोरांच्या खेळण्यासारख्या दिसणाऱ्या या यंत्राने केलं. त्या प्रकल्पावर पुष्कळ टीका झाली, बरीचशी रास्त. या बटणाची तारीफ मात्र फारशी कोणी केली नाही.

आता ते चार सेकंद. डिसेंबर २०२१ च्या सिस्टिमडी २५० मध्ये 'दीर्घ दाब' अशी वेगळी सोय आली: थोडं दाबलं तर दुर्लक्ष, जास्त वेळ धरलं तर नीट, फाइली सांभाळून बंद. ऐकायला झकास. माझ्यासारख्यांनी लगेच ती वापरायला घेतली. पण 'दीर्घ' म्हणजे किती, तर सिस्टिमडीच्या लेखी पाच सेकंद. मानकाच्या लेखी हार्डवेअरची कात्री चौथ्या सेकंदानंतर चालते. काही कंपन्या फर्मवेअरमध्ये ही मुदत वाढवून ठेवतात, त्या यंत्रांवर सोय चालते. बाकीच्यांवर पाचवा सेकंद कधी उजाडतच नाही. लॉगइनडी मोजत असतानाच वीज गेलेली असते, आणि त्याच्या जर्नलमध्ये बटण दाबल्याचीही नोंद सापडत नाही.