अंतर तेच, वेळ वेगळी

मुंबई ते दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर. जेट विमान ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास उडते, म्हणजे हिशेबाने दीड तासही लागू नये. तरी वेळापत्रकात दोन तासांहून अधिक वेळ दिसते, कारण ती नुसत्या उड्डाणाची नसतेच. मुंबईत चाकांपुढचे ठोकळे काढून विमान हलल्यापासून दिल्लीत ते पुन्हा चाकांना लागेपर्यंतची ती वेळ असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. दोन्हींवरून एकाच वेळी मोकळेपणाने विमाने सोडता येत नाहीत, म्हणून जमिनीवरच रांग लागते. दिल्लीत हिवाळी धुके उतरले की आकाशात घिरट्या आल्याच.

वक्तशीर दिसण्यासाठी कंपन्या वेळ फुगवतात, असा आक्षेप असतो. त्यात तथ्य आहे. पण रांग आणि धुकेही खरेच आहे, आणि पुढचे विमान गाठायचे असलेल्या प्रवाशाला कागदावरच्या वेगापेक्षा पाळली जाणारी वेळ कितीतरी मोलाची. शिवाय वारा आहेच. मुंबई–लंडन अंतर जाता-येता सारखेच, सुमारे ७,२०० किलोमीटर. पण उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे जाताना समोरून येतात नि परतताना पाठीशी असतात. म्हणून परतीचा प्रवास बहुधा लवकर संपतो.